बागलाणच्या घरात कोल्हापूरची बोली: एका मालिकेच्या भाषेचं प्रकरण

पार्श्वभूमी

एका मराठी वाहिनीसाठी नाशिकमध्ये चित्रित झालेल्या दैनंदिन मालिकेचं हे प्रकरण आहे. मालिका, वाहिनी, निर्मिती संस्था आणि माणसं यांची नावं इथे दिलेली नाहीत. ओळख पटेल असे कथेतले काही तपशीलही बदलले आहेत. बोलीच्या कामासाठी मला बोलावणं आलं तेव्हा मालिका सुरू व्हायला थोडेच आठवडे उरले होते आणि पहिल्या काही भागांचे संवाद लिहून वाहिनीकडून मंजूरही झाले होते.

कथा नाशिक जिल्ह्याच्या बागलाण तालुक्यातली, सटाण्याजवळच्या एका डाळिंब बागायतदाराच्या घरातली. आजी घराची कर्ती. मोठा मुलगा बाग बघतो, त्याला सगळे जिभाऊ म्हणतात. धाकटा नाशिकला नोकरीला. दोन सुना, एक लग्न होऊन गेलेली मुलगी, कॉलेजात शिकणारा नातू आणि घरातच वाढलेला सालदार, म्हणजे सालाने ठेवलेला शेतगडी. तेल्या रोगाने बाग जाते, कर्ज अंगावर येतं, धाकटा वाटणी मागतो, असा कथेचा कणा. चित्रीकरण मात्र दिंडोरी रस्त्यावरच्या द्राक्षबागेतल्या एका बंगल्यात व्हायचं होतं, कारण अख्खं युनिट नव्वदेक किलोमीटर लांब सटाण्याला नेणं निर्मात्याला परवडत नव्हतं.

नाशिक जिल्ह्याबाहेरच्या वाचकाला इथली बोलींची रचना ठाऊक असेलच असं नाही. जिल्ह्यात १५ तालुके. निफाड, सिन्नर, येवला या बाजूला ‘येऊ राहिलो’, ‘करू राहिला’ म्हणणारी मराठी आहे. तिचं नातं शेजारच्या नगरशी (आताचं अहिल्यानगर). इगतपुरी, त्र्यंबकेश्वरकडे महादेव कोळी आणि ठाकर समाजाच्या बोली आहेत. पेठ, सुरगाण्यात कोकणी, म्हणजे कोकणा समाजाची बोली, जिचा समुद्रकाठच्या कोकणीशी घोटाळा करू नये. मालेगाव शहरात उर्दू-दखनीचा मोठा वावर आहे. आणि बागलाण, देवळा, कळवण, मालेगाव, नांदगाव या पट्ट्यात अहिराणी. ग्रियर्सनने इंग्रजी अमलात केलेल्या भारताच्या भाषिक सर्वेक्षणात खान्देशीला (अहिराणी तिच्यातच मोडते) नवव्या खंडात भिल्ली बोलींसोबत स्वतंत्र जागा आहे. जनगणनेतही खान्देशी मराठीच्या पोटात न धरता वेगळी मोजली जाते. २०११ साली तिचे साडेअठरा लाखांहून जास्त भाषक नोंदले गेले, आणि त्यातले बहुतेक अहिराणी बोलणारे. नाशिक शहरातही ती आहेच. सातपूर-अंबडच्या कारखान्यांत कामाला आलेल्या कुटुंबांनी शहरातल्या सिडको वसाहतीत घरं केली, आणि श्रावणात तिथे खान्देशातली कानबाई देवी बसते तेव्हा गल्लीभर अहिराणीच ऐकू येते.

म्हणजे कथेतलं घर ज्या गावात ठेवलं होतं, तिथे घरात बोलली जाणारी भाषा नुसती ‘गावाकडची मराठी’ नव्हती. तिचं व्याकरण वेगळं होतं.

अडचण

संवादलेखिका कसलेली होती. पश्चिम महाराष्ट्रात वाढलेली, प्रसंग कुठे वळवायचा याची उत्तम जाण असलेली. तिने आजीला दिलेलं पहिलं मोठं वाक्य असं होतं: “लेक घरी आली न्हाय, तर कसला सण वो?” सालदाराच्या तोंडी “व्हय जी”, “लई भारी”, “काय करतुया”. जिभाऊ आणि त्याची बायको प्रमाण मराठी बोलत होते, मधूनच ‘नाय’ म्हणत होते. धाकटा, त्याची बायको, डॉक्टर, बँकेचा अधिकारी हे सगळे स्वच्छ पुस्तकी.

यात दोन वेगळ्या चुका होत्या, आणि सुरुवातीच्या बैठकांमध्ये त्या एकच समजल्या जात होत्या.

पहिली चूक भूगोलाची. सातारा-कोल्हापूरची बोली बागलाणात आणून ठेवली होती. असं का होतं, त्याला इतिहास आहे. मुंबई दूरदर्शन १९७२ मध्ये सुरू झालं. त्यानंतर बराच काळ मराठी छोट्या पडद्याचं घर पुण्या-मुंबईतलं राहिलं आणि गाव आलं की लोकनाट्य-तमाशापटांतून कानावर बसलेली पश्चिम महाराष्ट्राची बोली आली. २०१६-१७ मध्ये खासगी वाहिन्यांवर बोलींची लाट आली. ‘रात्रीस खेळ चाले’मध्ये मालवणी, ‘माझ्या नवऱ्याची बायको’मध्ये नागपूरकडची नायिका, ‘तुझ्यात जीव रंगला’मध्ये कोल्हापूर, ‘लागिरं झालं जी’मध्ये सातारा. मालवणीला निदान ‘वस्त्रहरण’ने १९८० पासून रंगभूमीवर जागा करून दिली होती. अहिराणीला मुख्य वाहिन्यांवर असा आधार नव्हता. त्यामुळे ‘गाव’ म्हटलं की लेखकाच्या हाताला जी बोली लागते ती सातारा-कोल्हापूरचीच. यात लेखिकेचा आळस नव्हता. तिला दुसरं काही ऐकायलाच मिळालं नव्हतं.

दुसरी चूक मला जास्त गंभीर वाटत होती, ती वाटपाची. बोली कोणाला मिळाली? म्हाताऱ्या बाईला आणि गड्याला. एकीने रडवायचं, दुसऱ्याने हसवायचं. ज्याच्या हातात व्यवहार आहे, जो शिकलेला आहे, ज्याचं म्हणणं कथेत पुढे चालतं, तो प्रमाण मराठी बोलतो. अशा वाटपात सालदाराची बोली अगदी बिनचूक अहिराणी केली असती तरी बागलाणातल्या प्रेक्षकाला जो संदेश जायचा तो गेलाच असता: तुमची भाषा हसण्यारडण्याची, ठरवण्याची नव्हे. सटाण्यात मी ज्यांच्याशी बोललो त्यांच्यात कृषी अधिकारी होते, दवाखाना चालवणारे डॉक्टर होते, सोसायटीचे चेअरमन होते. घरी आईशी ते अहिराणीतच बोलतात.

समोर असलेले पर्याय

वाहिनीची प्रतिनिधी, दिग्दर्शक, लेखिका, कार्यकारी निर्माता आणि मी अशी बैठक झाली. पाच मार्ग पुढे आले.

पहिला, आहे तसं चालू द्यावं. प्रेक्षकाला मालिकेतली गावठी बोली सवयीची आहे, ती ऐकली की गाव उभं राहतं, असं म्हणणं होतं. हे अगदीच चुकीचं नाही. सवय ही मालिकेची मोठी ताकद असते. पण कथेत सटाण्याचं, मांगीतुंगीचं, सप्तशृंगी गडाचं नाव घ्यायचं होतं, पाट्या दाखवायच्या होत्या. जागा नेमकी आणि भाषा भलतीच, हे फार काळ निभलं नसतं.

दुसरा, सगळ्यांना प्रमाण मराठी द्यावी आणि वर पाच-सहा स्थानिक शब्द पेरावेत. कामाला सर्वांत सोपा. माझा याला सर्वाधिक विरोध होता. अहिराणीचं वेगळेपण क्रियापदांत आणि प्रत्ययांत आहे. ती बाजूला ठेवून नुसते ‘आंडेर’ (लेक) आणि ‘बठ्ठा’ (सगळा) पेरले की बोलणारा माणूस परगावाहून चार शब्द पाठ करून आल्यासारखा वाटतो.

तिसरा, घरातले सगळे प्रसंग पूर्ण अहिराणीत, खाली मराठी ओळी. मनातून मला हे आवडलं असतं. वाहिनीच्या प्रतिनिधीने दिलेलं कारण मात्र पटण्यासारखं होतं: संध्याकाळची मालिका बऱ्याच घरांत पाहिली कमी आणि ऐकली जास्त जाते. भाकऱ्या थापताना, निवडणं-टिपणं करताना कान टीव्हीकडे असतात. खालच्या ओळी वाचायला डोळे मोकळे नसतात. प्रेक्षकसंख्या मोजणाऱ्या बार्कचे आकडे दर आठवड्याला येतात आणि आठवडाभर प्रेक्षक हरवला तर मालिकेची प्रक्षेपणाची वेळ हातची जाते. तिने हे धमकीच्या सुरात सांगितलं नाही, ती तिची खरी अडचण होती.

चौथा पर्याय ऐकून मी चकित झालो: गावच बदलायचं. बागलाणऐवजी निफाड करू, डाळिंबाऐवजी द्राक्ष-कांदा करू. बंगला द्राक्षबागेतच आहे, आणि निफाडची मराठी कोणालाही समजते. व्यवहाराच्या बाजूने यात दम होता. शिवाय तोही न्यायच होता, कारण ‘मी येऊ राहिलो ना भो’ असं साधं वाक्यसुद्धा मालिकांत क्वचितच ऐकू येतं. पण लेखिकेने नकार दिला. तेल्याने उजाड झालेली बाग हाच तिच्या कथेचा जीव होता. पानगळ, पाण्याचा ताण, मृग बहार धरावा की आंबे बहार यावरचा भावाभावांचा वाद तिने डाळिंबवाल्यांशी बोलून लिहिला होता. तो उचलून द्राक्षात बसला नसता.

पाचवा पर्याय आम्ही अखेर घेतला. बोली व्यक्तीला न देता नात्याला द्यायची. कोण बोलतो यापेक्षा कोण कोणाशी बोलतो यावर भाषा ठरेल.

निर्णय आणि त्यामागची कारणं

प्रत्यक्षात तिकडची घरं अशीच बोलतात. जिभाऊ बँकेत साहेबांसमोर जपून मराठी बोलेल, बाहेर आल्यावर आईचा फोन आला की त्याच दमात अहिराणीत शिरेल. धाकटा नाशिकला बायकोशी मराठी बोलेल, भावाशी भांडताना मात्र अहिराणी उसळून येईल. सून माहेरच्या माणसांशी एक बोलेल आणि मुलाशी, तो शाळेत मागे पडू नये म्हणून, दुसरं. नातवाला अहिराणी समजेल, पण तो उत्तर मराठीत देईल. प्रेक्षकाचं समजणंही यात सांभाळलं जातं: अहिराणी वाक्याला समोरून येणारं उत्तर मराठीत असलं की अर्थ आपोआप उलगडतो. खालच्या ओळींची गरज राहत नाही.

याला वाहिनीने तीन अटी घातल्या. सलग लांब संवाद अहिराणीत नको. कथेला वळण देणारी माहिती मराठीतही एकदा यावी. आणि प्रत्येक भागात थोडी का होईना मराठी बाजू असावी. मीही एक अट घातली: सालदाराइतकीच अहिराणी जिभाऊच्या वाट्याला आली पाहिजे, आणि कथेतला डॉक्टर त्याच भागातला असेल तर तो आजीला तपासताना अहिराणीतच बोलेल. डॉक्टरच्या मुद्द्यावर बरीच ओढाताण झाली. ‘डॉक्टर गावंढळ वाटेल’ असं एकाने स्पष्ट म्हटलं. सटाण्याच्या एका डॉक्टरांनी त्यांच्या परवानगीने मला दिलेली, त्यांच्या आणि त्यांच्याच आईच्या बोलण्याची ध्वनिफीत मी ऐकवली. तपशील मागे-पुढे न करता, अगदी सहज, आईला गोळ्या कधी घ्यायच्या ते ते समजावत होते. ऐकून झाल्यावर दिग्दर्शक म्हणाले, असाच डॉक्टर पाहिजे.

काय केलं

पहिलं काम शब्दसूचीऐवजी एका पानाचा तक्ता करण्याचं होतं. मी करस, तो करस, आमी करतस. ‘ला’च्या जागी ‘ले’: माले, तुले, जिभाऊले. ‘मध्ये’च्या जागी ‘मा’: घरमा, वावरमा. ‘चा-ची-चं’च्या जागी ‘ना-नी-नं’. ‘आहे’ला ‘शे’. ‘ळ’ बहुतेक ठिकाणी ‘य’. ‘काय करतोयस?’च्या जागी ‘काय करी राहिना?’ हा तक्ता भिंतीवर लागला, लेखिकेच्या टेबलावर गेला, साहाय्यक दिग्दर्शकांच्या फोनवर गेला. शब्द नंतर आपसूक येत गेले.

इथे एक प्रश्न लगेच उभा राहिला: कोणती अहिराणी? धुळ्याची, बागलाणची, की नंदुरबारच्या बाजूची? सटाण्याच्या दोन जाणकार वडीलधाऱ्यांमध्येच ‘शे’ की ‘से’ यावर वाद झाला. वाहिनीकडून तर बहिणाबाईंच्या कवितांचा संदर्भ जोडून आला होता. बहिणाबाई चौधरी (१८८०–१९५१) जळगावजवळच्या असोद्याच्या, आणि त्यांच्या कवितेची भाषा लेवा गणबोली. बागलाणच्या अहिराणीशी तिचं नातं आहे, पण ती वेगळी. आम्ही एकाच गावच्या एकाच पिढीचं बोलणं प्रमाण धरलं आणि तेच सगळीकडे लावलं. घरातली माणसं एकसारखी बोलतात, हा धागा टिकवणं ‘सर्वांत शुद्ध’ अहिराणी शोधण्यापेक्षा महत्त्वाचं होतं.

कलाकारांच्या निवडीत थोडी मोकळीक मिळाली. नाशिकमध्ये राज्य नाट्य स्पर्धेत उतरणाऱ्या संस्थांची जुनी परंपरा आहे. कालिदास कलामंदिर आणि साईखेडकर नाट्यगृहाच्या विंगांमध्ये मालेगाव-कळवणकडची मुलं भेटतात. जिभाऊ, डॉक्टर आणि सालदार असे तिघं तिथूनच मिळाले. आजीची भूमिका मात्र मुंबईच्या एका नावाजलेल्या ज्येष्ठ अभिनेत्रीकडे आधीच गेली होती, आणि मालिकेत सर्वांत जास्त अहिराणी आजीलाच बोलायची होती.

त्यांच्यासोबतचं काम हा या प्रकरणातला मला सर्वांत समृद्ध वाटलेला भाग. आखाजीचा प्रसंग होता. अक्षय तृतीयेला, म्हणजे आखाजीला, खान्देशात लेकी माहेरी येतात, झाडाला झोके बांधतात, गौराईची गाणी म्हणतात. कथेत भावांच्या वाटणीच्या भांडणामुळे मुलगी येत नाही. लेखिकेचं मूळ वाक्य वर दिलंच आहे. नवं वाक्य ठरलं: “आंडेर घर उनी नही, मंग कसानी आखाजी?”

बाईंनी पहिल्यांदा वाचलं तेव्हा प्रत्येक शब्द बरोबर होता आणि वाक्य मेलेलं होतं. त्या शब्दांवर जोर देत होत्या, ‘उनी’वर थांबत होत्या, जणू प्रेक्षकाला शब्दाचा अर्थ सांगायचा आहे. मी देवळ्याच्या एका आजींच्या बोलण्याची ध्वनिफीत त्यांच्या फोनवर पाठवली होती. शब्द सोडून नुसता सूर ऐका, असं सुचवलं. त्यांनी मेकअपच्या खोलीत कानाला फोन लावून ती पुन्हा पुन्हा ऐकली. मग कागद बाजूला ठेवून, मराठीच्या ‘नाही’कडे जाणारी जीभ आवरत, ‘नही’ आखूड तोडत, आणि ‘आखाजी’चा शेवट वर न नेता खाली सोडत वाक्य म्हणून दाखवलं. समोर बसलेल्या कळवणच्या स्पॉटदादांनी नकळत मान हलवली. बाईंनी ते पाहिलं. त्या दिवसापासून त्या प्रत्येक वाक्य आधी त्या दादांना म्हणून दाखवायच्या. “दादा, कसं झालं?” आणि तेही मोकळेपणाने सांगायचे, “ताई, ते ‘माले’ जरा लवकर सोडा.”

त्यांचे संवाद आम्ही आखूड केले. लांब वाक्यात त्यांचा सूर सुटायचा, छोट्या वाक्यात टिकायचा. बागेच्या प्रसंगात त्यांना एवढंच दिलं: “बाग गयी ते जाऊ दे. मानूस राह्यना जोयजे.” (‘जोयजे’ म्हणजे ‘पाहिजे’.) मूळ संहितेत इथे अर्ध्या पानाचं स्वगत होतं. लेखिकेने ते स्वतः काढलं, आणि प्रसंग पूर्वीपेक्षा भक्कम झाला असं तिचंच मत होतं.

नातवाच्या भाषेचा प्रश्न वेगळाच निघाला. लेखिकेने त्याला ‘विषय हार्ड’, ‘नाद खुळा’ दिलं होतं. ही तर कोल्हापूरची, म्हणून काढा, असं माझं पहिलं मत. पण गंगापूर रोडवरच्या कॉलेजांच्या कट्ट्यांवर बसून ऐकलं तेव्हा नाशिकची मुलं ‘विषय हार्ड’ सर्रास म्हणताना आढळली. रील्समधून ती आली आणि रुजली. तिच्याच शेजारी ‘काय भो’ आणि ‘मोप’ही नांदत होते. तरुणांचं बोलणं आता जिल्ह्याच्या सीमा मानत नाही. म्हणून नातवाला दोन्ही ठेवलं: मित्रांत ‘विषय हार्ड’, आजीसमोर गप्प ऐकणं आणि मराठीत उत्तर. शिव्यांचा प्रश्न लवकर मिटला. वाहिनीच्या नियमांत बसत नव्हत्या, त्या काढल्या.

रोजच्या वेळापत्रकाने मात्र सतत ओढ लावली. संवाद बऱ्याचदा चित्रीकरणाच्या आदल्या रात्री यायचे. ते वाचून, अहिराणीत उतरवून, ध्वनिफीत करून कलाकारांना पाठवायला रात्र पुरायची नाही. आधीच चित्रित करून ठेवलेल्या भागांचा साठा चांगला असायचा तेव्हा काम नीट व्हायचं. साठा आटला, की सेटवर उभ्या-उभ्या वाक्यं बदलली जायची आणि जुनं ‘न्हाय’ परत डोकं वर काढायचं.

जाहिरातीचा प्रसंग

मालिका सुरू होण्याआधी आलेल्या जाहिरातीच्या तुकड्याने सगळंच डळमळलं. तो तुकडा सेटवर तयार झाला नव्हता. मुंबईत संकलनात झाला. त्यात सालदाराची एक गडबडलेली अहिराणी ओळ, त्यावर विनोदी संगीत आणि घरातल्यांचं हसणं एवढंच घेतलं होतं. मालिकेत त्या ओळीनंतर जिभाऊ तिला अहिराणीतच गंभीर उत्तर देतो. ते कापलं गेलं होतं.

बागलाण आणि सिडको दोन्हीकडून राग आला. ‘आमची बोली तुमच्या विनोदाला का?’ हा प्रश्न वाहिनीला गेला, निर्मात्याला गेला, मलाही आला. प्रश्न रास्त होता. निर्मात्याची पहिली प्रतिक्रिया अहिराणीच कमी करण्याची होती: वाद नको, सगळं मराठी करून टाकू. हा संपूर्ण प्रकरणातला कळीचा क्षण होता. घाबरून बोली काढली असती, तर तक्रार करणाऱ्यांनी मागितलं त्याच्या नेमकं उलट घडलं असतं. ते बोली काढायला सांगत नव्हते, तिला मान मागत होते. दिग्दर्शकाने हे ओळखलं. दुसऱ्याच आठवड्यात नवा तुकडा बाहेर आला, त्यात आजीची आखाजीची ओळ होती, खाली मराठी अर्थ, बाकी काही नाही. रागाने लिहिणाऱ्यांपैकीच काहींनी तो तुकडा आपापल्या गावच्या गटांत पाठवला.

परिणाम

पहिल्या काही महिन्यांत घरातले प्रसंग जसे ठरले होते तसे गेले. आकड्यांत बोलीमुळे उठाव आला नाही आणि घसरणही झाली नाही. वाहिनीची भीती आणि माझी आशा, दोन्ही आकड्यांनी बाजूला ठेवल्या. प्रेक्षकांच्या पत्रांत आणि फोनवर मात्र फरक दिसला. बागलाणच्या लोकांनी चुका काढल्या, आणि त्या आपुलकीने काढल्या: अमुक शब्द आमच्याकडे म्हणत नाहीत, तमुक सूर धुळ्याचा वाटतो. विदर्भातल्या काही प्रेक्षकांनी ‘ले’ प्रत्यय आपल्याकडचाच वाटतो म्हणून कळवलं. डॉक्टरच्या प्रसंगाबद्दल कोणीही तो गावंढळ वाटतो असं म्हटलं नाही.

पुढे कथा धाकट्या भावाबरोबर मुंबईला गेली. वेळ बदलली, नवी लेखकमंडळी आली. नात्यावर ठरलेली बोली हळूहळू पुन्हा माणसांवर आली: आजी अहिराणी, बाकीचे मराठी. तक्ता भिंतीवर होता, पण तो का केला हे ठाऊक असलेली माणसं राहिली नव्हती. सालदार झालेल्या गुणी नटाला नंतर कामं मिळाली, पण मला माहीत असलेली सगळी गावठी विनोदी गड्याची. डॉक्टर झालेल्याला बोलीतलं दुसरं काम अजून मिळालेलं नाही.

वेगळं काय करता आलं असतं

बोलीचा विचार कथेच्या टप्प्यावर व्हायला हवा होता. आजीची निवड झाल्यावर, भाग मंजूर झाल्यावर बोली आली की ती दुरुस्ती ठरते, आणि दुरुस्तीला नेहमी घाई असते. वाहिनीकडे कथा मांडतानाच ‘कोण कोणाशी कोणत्या भाषेत’ असा एक परिच्छेद गेला असता तर डॉक्टरवरून झालेली ओढाताण वाचली असती आणि नव्या लेखकांच्या हातीही तो पडला असता.

बोलीत लिहिणाऱ्या स्थानिक माणसाचं नाव संवादलेखनात यायला हवं. इथे सगळी अहिराणी माझ्या नावे ‘बोली साहाय्य’ म्हणून गेली. प्रत्यक्षात त्यातली निम्मीअधिक वाक्यं सटाण्यातल्या एका शिक्षकाने आणि कळवणच्या स्पॉटदादांनी घडवली होती. मी निर्मात्याकडे त्यांच्या श्रेयाची मागणी लेखी केली, ती मान्य झाली नाही. मानधन थोडं वाढवून मिळालं, नाव मिळालं नाही.

जाहिरातीच्या तुकड्यांवर सेटवरच्या कोणाचंही नियंत्रण नसतं, आणि बोलीची चेष्टा बहुधा तिथेच होते. बोलीतली ओळ जाहिरातीत घ्यायची तर ती आणि तिचं उत्तर एकत्र घ्यावं, एवढी एक ओळ करारात असती तर पुरे होती.

एक प्रश्न आम्ही सोडवलाच नाही. डाळिंबाच्या छाटणीला आणि तोडणीला सुरगाणा-पेठकडून मजूर येतात. मालिकेतही ते होते, मागे फांद्या छाटताना दिसायचे. त्यांना बोलायला एकही वाक्य नव्हतं. एका प्रसंगात मुकादम बाईला दोन ओळी द्यायचं ठरलं, तेव्हा लेखिकेने त्या मोडक्या मराठीत लिहिल्या. मी त्या कोकणा बोलीत करून घ्याव्यात म्हणून सुचवलं आणि सुरगाण्यातल्या एका कार्यकर्त्याकडून त्या करूनही आणल्या. अहिराणी घरातल्या माणसाने मजुराशी कोणत्या बोलीत बोलावं, आणि तिने मालकाला कोणत्या बोलीत उत्तर द्यावं, यावर आमची दीड तास चर्चा झाली. तिथे आमचा नियम अपुरा पडत होता, कारण मालक-मजूर या नात्यात बोली निवडण्याची मुभा एकाच बाजूला असते. दिग्दर्शकाला प्रसंग पटला होता. पण तोवर कथा मुंबईकडे वळायला लागली होती, बागेचे दिवस कमी झाले आणि तो प्रसंग चित्रित न होता गेला. त्या दोन ओळींचा कागद लेखिकेने ठेवून घेतला आहे. पुढच्या कथेत मुकादम बाईपासूनच सुरुवात करायची, असं ती म्हणते आहे, आणि त्यासाठी ती सुरगाण्याला जाऊन राहणार आहे.